चार टीबीची मोजणी

डेस्कटॉपमध्ये ४ टीबीची जादा हार्ड डिस्क बसवणं अजिबात अवघड नाही. कॅबिनेटचं झाकण काढायचं, डिस्क खाच्यात सरकवायची, चार स्क्रू आवळायचे, एक साटा केबल मदरबोर्डला जोडायची आणि दुसरी वीज पुरवणाऱ्या एसएमपीएसकडून आणायची. दोन्ही पिनांना एल आकाराची खाच असते, त्यामुळे त्या उलट्या बसत नाहीत. अवघड आहे ते हे सगळं निवृत्त तलाठी असलेल्या वडिलांसमोर करणं.

कॉम्प्युटर सुरू केला, पण नवी डिस्क कुठे दिसेना.

"नोंद झालेली नाही," खुर्चीमागून आप्पा म्हणाले.

निदान अचूक होतं. कोरी डिस्क विंडोजला कळते, पण इनिशियलाइज, म्हणजे वापरासाठी तयार, केल्याशिवाय ते तिला घरात घेत नाही. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडताच प्रश्न आला, एमबीआर की जीपीटी?

"ही काय भानगड?"

"जागेचा हिशेब लिहायच्या दोन पद्धती, आप्पा. एमबीआर १९८३ सालची. तिच्यात सेक्टरचा, म्हणजे डिस्कवरच्या छोट्या तुकड्याचा, नंबर लिहायला ३२ बिटच आहेत, म्हणून २ टीबीच्या पुढची जागा नोंदवता येत नाही."

"आणि आपली चार आहे. मग जुनं दप्तर कशाला उघडतोस?"

नवी पद्धत, जीपीटी, निवडली. पडद्यावर लांबलचक काळा पट्टा आला, त्यावर आकडा ३.६३ टीबी. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"खरेदी किती?"

"चार."

"आणि जागेवर ३.६३? कोणी दाबली?"

कोणीच नाही. कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं आणि तरी खाली टीबीच लिहितं. टीबीपर्यंत पोचेस्तोवर हा फरक चार वेळा गुणला जातो, म्हणून सुमारे नऊ टक्के कमी दिसतात. बाइट तेवढेच असतात. "दोघांची साखळी वेगळी आहे," मी म्हणालो.

"मग फेरमोजणीचा अर्ज कर!"

मला खरं तर एकच मोठं पार्टिशन करायचं होतं. पण "सूनबाईंचा हिस्सा कुठला?" हा प्रश्न आप्पांनी स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशा आवाजात विचारला आणि विषय माझ्या हातून गेला. बायको ओले हात पुसत आली. तिला डी ड्राइव्हच हवा होता, कारण ऑफिसातही तिचं सगळं डीमध्येच असतं. डीवर सध्या डीव्हीडी ड्राइव्ह बसला होता, आत मुलीच्या बारशाची सीडी घेऊन. मुलीला व्हिडिओ एडिटिंगसाठी निम्मी डिस्क हवी होती. आप्पांनीही एक हिस्सा मागितला.

"तुम्ही काय ठेवणार त्यात?"

"काय पेरायचं ते मागाहून ठरवू. नाव तर लागू दे."

डीव्हीडीला उठवून एक्सवर पाठवलं. मग अक्षरांची यादी बघताना आप्पा पुन्हा अडले. "ए आणि बी मोकळेच दिसतात. ते कोणाचे?"

"फ्लॉपीचे."

"ती कुठे असते हल्ली?"

"वारली."

"आणि वारस नोंद कोणी केली नाही?" तलाठ्याचा जीव खरोखर कळवळला. माझ्या मते विंडोजविषयी त्यांचं मत बिघडलं ते इथेच. त्यात मी कमांड टाइप करायची डिस्कपार्टची काळी खिडकी उघडून दाखवली, तर सगळ्यांच्या आधी १६ एमबीचा एक तुकडा निघाला, रिझर्व्ह्ड नावाचा. जीपीटी डिस्कवर विंडोज तो स्वतःसाठी काढून ठेवतं, आणि डिस्क मॅनेजमेंटमध्ये तो दिसतही नाही.

"गायरान," आप्पा समाधानाने म्हणाले. "असू दे. त्याला हात लावू नकोस."

फाइली मांडायच्या एनटीएफएस पद्धतीवर एकमत झालं, कारण दुसरा पर्याय कोणालाच माहीत नव्हता. वाद झाला तो क्विक फॉरमॅटवर. मी समजावलं, की क्विकमध्ये नवी नोंदवही तयार होते आणि काम संपतं. पूर्ण फॉरमॅटमध्ये विंडोज प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहीत जातं आणि खराब जागा वगळतं, पण एवढ्या डिस्कला सात-आठ तास जातात.

"चावडीत बसून पीकपाहणी लिहिणारे मी पुष्कळ पाहिलेत," आप्पा म्हणाले. "पूर्ण कर."

रात्रभर कॅबिनेट गुरगुरत होतं. सकाळी तीन निळे पट्टे तयार होते. आप्पांनी पडद्याचा फोटो छापून घेतला, चतुःसीमा लिहिल्या (पूर्वेस सूनबाई, पश्चिमेस नात), सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तो कागद स्कॅन करून आपल्या हिश्श्यात ठेवला. चारशे केबीसुद्धा नसेल. बाकी ९०० जीबी पड.

निदान आप्पांची तशी समजूत आहे. गेल्या आठवड्यात मी पाहिलं, तर त्यातल्या २०० जीबीवर मुलीचा गेम इन्स्टॉल झालेला. "अगं, आजोबांना कळलं तर?"

"बाबा, बारा वर्षं कोणी हरकत घेतली नाही, तर ताबा आपला होतो," ती हेडफोन न काढता म्हणाली. "आजोबांनीच सांगितलंय."