संख्या आणि आकार जुळला म्हणजे फाइली जुळल्या असे नाही

पुण्यातल्या छोट्या कार्यालयांत जुना लिनक्स सर्व्हर काढून नवा बसवायची वेळ आली, की एक सल्ला हमखास पुढे पाठवला जातो: ‘दोन्हीकडे फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळला की कॉपी पूर्ण झाली, वापरकर्त्यांची नावे तीच ठेवली की मालकी आपोआप जुळते, तरीही परमिशन अडलीच, तर सगळ्या फोल्डरला ७७७ देऊन मोकळे व्हा.’ (परमिशन म्हणजे फाइल कोणी वाचायची, बदलायची वा चालवायची याची मुभा; ७७७ म्हणजे ती सगळ्यांना पूर्ण.) यातली पहिली दोन विधाने अपुरी आहेत आणि तिसरे घातक आहे.

आधी संख्या आणि आकार. खतावणीच्या फाइलीत ५१०० च्या जागी १५०० पडले, तर आकार एका बाइटनेही बदलत नाही. उलट ‘डीयू’ ही आज्ञा डिस्कवर व्यापलेली जागा मोजत असल्यामुळे, मजकूर तंतोतंत तोच असूनही दोन वेगळ्या फाइल सिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याच्या पद्धतींवर) बेरीज वेगळी येऊ शकते. फाइली एका यंत्रावरून दुसऱ्यावर नेणारे ‘आरसिंक’ हे साधनसुद्धा एरवी फक्त आकार आणि बदलाची वेळ पाहते, मजकूर पडताळायचा असेल तर चेकसमचा (मजकुरावरून काढलेल्या पडताळणीच्या आकड्याचा) पर्याय मुद्दाम द्यावा लागतो. मराठी नावांच्या फाइलींत आणखी एक खोच आहे. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ’ लिनक्सवर सहसा एकच अक्षर म्हणून साठवला जातो, तर मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्कवर तो ‘र’ आणि नुक्ता (अक्षराखालचे टिंब) असा फोडून ठेवला जाई. पडद्यावर दोन्ही नावे सारखीच दिसतात, पण लिनक्सच्या लेखी त्या दोन निरनिराळ्या फाइली असतात.

मालकीचा मुद्दा सर्वांत कमी लक्षात घेतला जातो. फाइलीवर मालकाचे नाव लिहिलेले नसतेच. तिथे असतो फक्त क्रमांक, आणि तो कोणाचा हे त्या त्या सर्व्हरवरची वापरकर्त्यांची यादी ठरवते. आरसिंक रूट (सर्व अधिकार असलेला वापरकर्ता) म्हणून चालवले तर ते नावावरून क्रमांक जुळवून देते, हे खरे. पण जुनी डिस्कच नव्या यंत्राला जोडली तर ही सोय उरत नाही. सदाशिव पेठेतल्या एका कार्यालयात नेमके हेच झालेले मी पाहिले. जुन्या यंत्रावर १००१ हा क्रमांक पगारपत्रके सांभाळणाऱ्या बाईंचा होता. नव्या यंत्रावर खाती वेगळ्या क्रमाने उघडल्यामुळे तो एका प्रशिक्षणार्थी मुलाला मिळाला आणि बाईंना १००३ मिळाला. नावे तीच, परमिशन तीच ६०० (म्हणजे फक्त मालकाला वाचता-बदलता येईल अशी), तरीही पगारपत्रके मुलाला उघडता येत होती आणि बाईंना नाही.

त्यातच एसीएल (एकेका व्यक्तीला वा ग्रुपला वेगळी मुभा देणारी जादा यादी) वापरात असेल, म्हणजे परमिशनच्या ओळीच्या शेवटी बारीक अधिक चिन्ह दिसत असेल, तर आरसिंकचा नेहमीचा छोटा ‘ए’ हा पर्याय ती माहिती नेत नाही. त्यासाठी मोठा ‘ए’ वेगळा द्यावा लागतो.

आता ७७७. ‘आतल्या नेटवर्कवर काय बिघडते?’ असे विचारणाऱ्यांनी एवढे पाहावे, की आतल्या फाइलींसकट असे केल्यावर एसएसएच (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे शिरण्याचे साधन) खासगी किल्लीची फाइल वापरायलाच नकार देते, पोस्टग्रेएसक्यूएल हा डेटाबेस सुरू होत नाही आणि मायएसक्यूएल हा दुसरा डेटाबेस आपली सेटिंगची फाइल दुर्लक्षित करते. शिवाय ६००, ६४०, ७५० असे जे भेद कोणीतरी विचारपूर्वक घातलेले असतात, ते पुसले जातात, आणि आधी टिपून ठेवले नसतील तर परत आणता येत नाहीत. अडचण मालकीची असताना परमिशन उधळून देण्याला मी दुरुस्ती म्हणणार नाही.

खरी तुलना अवघड नाही. दोन्ही यंत्रांवर ‘फाइंड’ या फाइली शोधणाऱ्या आज्ञेने प्रत्येक फाइलीची परमिशन, मालकाचा व ग्रुपचा क्रमांक, त्यांची नावे आणि फाइलीचा मार्ग अशी यादी काढावी, ती मार्गानुसार लावावी आणि ‘डिफ’ या फरक दाखवणाऱ्या आज्ञेने ताडून पाहावी; मजकुरासाठी शा-२५६ या पद्धतीच्या चेकसमची वेगळी यादी करावी. त्या कार्यालयात मालकीची अदलाबदल अशा यादीतच दिसली. दुरुस्त करताना थेट १००१ चे १००३ केले असते, तर आधीच १००३ असलेल्या फाइली त्यात मिसळल्या असत्या. म्हणून बाईंच्या फाइली आधी ५००१ या रिकाम्या क्रमांकावर नेल्या, १००३ च्या फाइली त्यांच्या खऱ्या मालकाकडे दिल्या आणि मगच ५००१ चे १००३ केले.