पुराना वाडा

मधली काही वर्षं मी भयपटांचा अभ्यासक झालो होतो. दार लावून, कानांत हेडफोन घालून, एकटाच बघायचो. भूत आलं की चित्र थांबवायचं आणि हे भूत नसून नायिकेच्या मनातला अपराधगंड आहे, असं स्वतःला समजावायचं. त्यानं भीती गेली आणि जांभया यायला लागल्या.

गेल्या महिन्यात सांगलीला आत्याकडं मुक्काम पडला. गावभागातला जुना वाडा, आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची. रात्री जेवणं झाल्यावर तिच्या नातवानं टीव्हीवर ‘पुराना मंदिर’ लावला. १९८४चा, रामसे बंधूंचा. लहानपणी आमच्या गल्लीत वर्गणी काढून व्हीसीआर आणायचे, तेव्हा हा मी तोंडावर उशी धरून बघितला होता, म्हणजे निम्माच. उरलेला निम्मा बघून टाकावा म्हणून बसलो. मधोमध भडंगाची परात, वर बारीक चिरलेला कांदा.

आत्या पडद्यावरच्या माणसांशी थेट बोलते. “अगं भवाने, आधी दिवा लाव की! अंधारात कुठं कडमडतीयास?” भवानी ऐकत नाही. आत्या आमच्याकडं वळून म्हणते, “मरतीय आता. माझं काय जातंय?” आणि तरी पदराचं टोक दातात धरून बसते.

“आजी, आवाज बंद करून बघ, काही वाटत नाही,” नातू म्हणाला. केला बंद. खरंच, सिनेमातला तो एवढा थोरला राक्षस सामरी पत्ता विसरलेल्या पाहुण्यासारखा दिसायला लागला. आत्यानं त्याला “बस की” म्हणायचंच काय ते राहिलं होतं. तेवढ्यात नातवानं आवाज एकदम सोडला. परात उलटली. कोणाच्या हातानं, यावर अजून वाद आहे. माझ्या शर्टाच्या खिशात मात्र सकाळी शेंगदाणे निघाले.

अभ्यासकाची खोड जात नाही, म्हणून मी माहिती पुरवली, “आत्या, हा सामरी झालेत ना, ते अनिरुद्ध अग्रवाल खरे सिव्हिल इंजिनिअर.”

“तरीच,” आत्या म्हणाली, “मघापासनं भिंती चाचपत हिंडतोय.”

तिला या राक्षसाचं फारसं कौतुक नव्हतं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं ते सांगलीतच. त्या तऱ्हेच्या नाटकांत राक्षस तलवारी परजत, ‘अलल डुर्र’ असा आरडाओरडा करत यायचे. म्हणजे आम्ही सांगलीकर पावणेदोनशे वर्षं हौसेनं भितोय, आणि मी भूत थांबवून अपराधगंड शोधत होतो!

खरी परीक्षा पुढंच होती. वाड्यातला संडास परसात. रात्री तीनच्या सुमाराला सहा फुटी नातू उशाशी उभा. “काका, तुम्हाला जायचंय ना?”

“मला नाही. पण तुला भीती वाटत असेल तर येतो.”

“मला कसली भीती? तुमच्यासाठीच उठलोय.”

एकमेकांवर असे उपकार करत, एकाच मोबाइलच्या उजेडात, दोघं न्हाणीपर्यंत पोचलो. तिथं अंधारातून आधी एक उसासा आला, मग घशातली घरघर, आणि मग सरळ डरकाळी. आम्ही दोघांनी एकाच सुरात जी किंकाळी फोडली, ती भाव्यांच्या राक्षसांनाही जमली नसती.

आतून आत्याचा आवाज आला, “बोंबलताय काय? नळाला पाणी आलंय. उठलाच आहात तर बादल्या लावा.”