उरलेला भात कुणी न्यायचा?

चहा येण्याआधीच बंड्या आणि वकील यांची जुंपली होती. विषय वसतिगृहाच्या मेसचा.

"अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठातल्या पोरांनी 2011 मध्ये सुरुवात केली," बंड्या म्हणाला. "कॅन्टीनमध्ये उरलेलं, कुणी हात न लावलेलं अन्न भरायचं आणि गरजूंपर्यंत पोचवायचं. पुढे 'फूड रिकव्हरी नेटवर्क' देशभर पसरलं. आपली पोरं काय कमी आहेत?"

"आणि कुणाला बाधलं तर? तिकडे 1996 चा कायदा आहे. चांगल्या हेतूनं अन्न देणाऱ्यावर दावा टिकत नाही, घोर निष्काळजीपणा नसेल तर."

"इथेही उरलेलं अन्न वाटण्याबद्दल एफएसएसएआयचे, म्हणजे आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे, 2019 चे नियम आहेत."

"ते द्या म्हणतात, पण नीट द्या म्हणतात!"

सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या ताईंनी वकिलाची बाजू घेतली. भात शिजला तरी बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू तगून राहतात. पातेलं तासन्‌तास कोमट राहिलं की त्यांतून जिवाणू वाढतात, आणि त्यांनी तयार केलेलं उलटीचं विष पुन्हा गरम करून जात नाही. भात 60 अंशांच्या वर ठेवायचा, नाहीतर लवकर गार करून 5 च्या खाली न्यायचा. "स्कूटरवर पातेलं घेऊन निघालेल्या पोराला हे कुणी सांगितलंय?"

मला वाटतं, पोरांचं खरं काम पातेलं चढण्याआधीचं आहे. शुक्रवारी दुपारपासून पोरं एसटी पकडून गावी जातात, मेसमामांना पत्ता नसतो, तांदूळ नेहमीच्याच मापानं पडतो. बऱ्याच मेसमध्ये सलग काही दिवस नसलात तरच खाडा धरतात, म्हणजे न जेवल्याचे पैसे परत देतात, मग एका जेवणाचं कोण कळवणार? एका वेळेचाही खाडा धरायला लावा आणि गुरुवारी रात्री खोल्या-खोल्यांतून फिरून यादी करा. ताटातल्या उष्ट्याचं तर कुणाला काही देताच येत नाही, त्यामुळे वाढतानाच अर्धी वाटी विचारा.

बंड्या उसळला. "तुम्ही कमी शिजवलंत म्हणून पुलाखालच्या माणसाचं पोट भरतं का?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं. प्रश्न रास्तच आहे.

ताई म्हणाल्या, "वाचलेला तांदूळ कोरडाच द्या ना. शिधा रात्रीत नासत नाही."

"मेसमामा खाड्याचे पैसेही परत देणार आणि वर तांदूळही?" वकील.

"मग पोरांनी खाड्याचे पैसे सोडावेत, त्याच पैशांचा शिधा घ्यावा," बंड्या म्हणाला. "पण एखाद्या दिवशी भात उरलाच, तर गरम असतानाच मी नेणार. थर्मामीटर घेऊन."

ताईंनी मान डोलावली. वकील मात्र अजून दात्याच्या सहीचा कागद कसा असावा, यावरच अडून आहे.