जादूची किंमत आधी ठरवा, नकाशा नंतर काढा

8 ते 12 वर्षांच्या मुलांसाठी फँटसी कादंबऱ्या लिहिणारे लेखक आपल्या पुस्तकांबद्दल बोलायला बसले की बोलणं बहुतेक वेळा त्यांनी उभ्या केलेल्या जगाभोवती फिरतं. राज्यं किती, जमाती कोणत्या, हजार वर्षांपूर्वीचं युद्ध कशावरून झालं, तिथली लिपी कशी तयार केली. त्यामागे खरे कष्ट असतात आणि त्यांचा मला आदर आहे. तरीही माझं ठाम मत आहे की या वयाच्या वाचकाला पुस्तकात धरून ठेवतो तो एकच प्रश्न. ही जादू माझ्या हाती आली तर मला काय करता येईल, आणि त्यापायी माझं काय जाईल? याचं उत्तर ज्या हस्तलिखितात स्वच्छ असतं ते साध्या भाषेतलं असलं तरी मुलं शेवटपर्यंत वाचतात. ते नसेल तर कितीही देखणा नकाशा कामाला येत नाही.

आपल्या गोष्टींना हे फार पूर्वीपासून कळलेलं आहे. हिरण्यकशिपूचा वर आठवा. माणसाकडून मरण नाही, पशूकडून नाही, दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, घराबाहेर नाही. हे ऐकताना मूल मनातल्या मनात त्यातली फट शोधायला लागतं. नरसिंह तिन्हीसांजेला उंबरठ्यावर येतो तेव्हा मुलाला जो आनंद होतो तो एकही अट न मोडता वाट सापडल्याचा असतो. भस्मासुराला मिळालेली शक्तीच त्याच्या डोक्यावर येते. राक्षसाचा जीव सात समुद्रांपलीकडच्या पोपटात असतो, म्हणजे तो अजिंक्य का आहे आणि कसा मरेल हे एकाच वाक्यात सांगून झालेलं असतं. शक्ती, तिची मर्यादा आणि गोष्टीचा शेवट, तिन्ही एकाच नियमातून निघतात. आजच्या कादंबरीकारानेही इथूनच सुरुवात करावी असं मला वाटतं.

प्रत्यक्षात करायचं असं. पहिलं प्रकरण लिहिण्याआधी एका पानावर तीन गोष्टी लिहायच्या. जादूने काय होतं, काय होत नाही, आणि वापरणाऱ्याला काय मोजावं लागतं. एक पान पुरलं नाही तर नियम फार झाले असं समजावं. उदाहरण घेऊ. बारा वर्षांची एक मुलगी आहे. बंद कुलुपाला कान लावला की ते लागल्यापासून आतल्या खोलीत जे काही बोललं गेलं ते तिला ऐकू येतं. मर्यादा अशी की कुलूप उघडलं की त्यात साठलेलं सगळं पुसलं जातं. किंमत अशी की जितकी मिनिटं ती ऐकेल तितकीच मिनिटं नंतर तिला एकाही माणसाचा आवाज ऐकू येणार नाही.

आता यातून काय काय मिळतं बघा. आतले लोक बाहेर पडायच्या आधीच तिला ऐकून घ्यावं लागेल, म्हणजे धोका आपोआप आला. दहा मिनिटं ऐकलं तर पुढची दहा मिनिटं मागून हाक मारणारा धाकटा भाऊ तिला ऐकू येणार नाही, म्हणजे किंमत तिच्या सगळ्यांत जवळच्या माणसाला भिडली. आणि शेवटी भावालाच कोंडून ठेवलं तर तो रिकाम्या खोलीत मोठ्याने बोलत राहील, कारण बहीण कुलुपाला कान लावणार याची त्याला खात्री आहे. हा शेवट बाहेरून आणावा लागला नाही, तो पहिल्या पानावरच्या नियमातच होता.

याउलट सगळ्यांत जास्त दिसणारी आणि सगळ्यांत दुबळी किंमत म्हणजे थकवा. जादू केली, चक्कर आली, झोप काढली, झालं. नायकाला त्यात काही ठरवावं लागत नाही, म्हणून वाचकालाही काही वाटत नाही. जादू वापरण्याआधी नायक थबकला पाहिजे आणि त्याच्याबरोबर वाचकही. तेवढी किंमत हवी.

हा नियम पुस्तकात निदान तीनदा कामाला लागायला हवा. पहिल्यांदा नकळत, तेही पहिल्या तीन-चार हजार शब्दांच्या आत. दुसऱ्यांदा मध्यावर, जाणीवपूर्वक, पण मर्यादा नीट न कळल्यामुळे फसलेला. तिसऱ्यांदा शेवटी, किंमत पूर्ण माहीत असताना. दोन तृतीयांश पुस्तक झाल्यावर नवी शक्ती आणू नये. शेवटच्या लढाईत नायिकेच्या हातातून अचानक प्रकाश निघाला की दहा वर्षांच्या वाचकाला फसवल्यासारखं वाटतं आणि तो तसं बोलूनही दाखवतो. अशी शक्ती हवीच असेल तर तिचं बीज पहिल्या पाव भागात, एखाद्या गमतीच्या प्रसंगात, कुणाचं लक्ष जाणार नाही असं पेरावं.

लांबीबद्दल थोडक्यात. या वयासाठी 40,000 ते 50,000 शब्द भरपूर होतात. 1,300 शब्दांचं एक अशी तीस प्रकरणं धरली तर साधारण 39,000 होतात. असं एक प्रकरण मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं लागतात, म्हणजे झोपण्यापूर्वी एक प्रकरण सहज होतं. पहिला खर्डा 80,000 वर गेला असेल तर जास्तीचा मजकूर बहुधा त्या जगाचा इतिहास असतो. गोष्ट सुरू होण्यापूर्वी घडलेलं सांगणारं प्रत्येक वाक्य एका रंगाने अधोरेखित करून बघा. पहिल्या पन्नास पानांत तो रंग सारखा दिसत असेल तर त्यातलं बरंचसं उचलून जिथे नायकाला त्याची गरज पडेल तिथे ठेवा, आणि जिथे गरज पडतच नाही ते काढून टाका. विशेष लक्ष संवादांकडे द्यावं. ‘तुला माहीतच आहे, आपल्या राज्यात शंभर वर्षांपासून...’ असं एक पात्र दुसऱ्याला सांगू लागलं की ते खरं तर वाचकाला सांगतंय हे मुलांना लगेच कळतं. दोघांपैकी एकाला ती गोष्ट खरोखर माहीत नसावी, किंवा दोघांचा त्यावरून वाद असावा. वादात माहिती खपून जाते.

मोठ्या माणसांचा प्रश्न मात्र सगळ्यांत अवघड आहे आणि त्यावर लेखक पुरेसं बोलत नाहीत. संकट आलं तर ही मुलगी आईला का सांगत नाही? वाचणारं मूल हा प्रश्न विचारणारच, कारण त्याने स्वतः सांगितलं असतं. आई-वडील नसलेला नायक ही सोपी वाट आहे आणि ती इतकी मळलेली आहे की तिथून जायला फार चांगलं कारण हवं. आई प्रवासाला गेली, आजारी आहे, तिचा विश्वास बसत नाही, हे सगळं चालतं, पण तात्पुरतं. मला सर्वांत बळकट वाटते ती रचना अशी. आई घरात आहे, तिचं मुलीवर प्रेम आहे, तिला ही जादू ठाऊकही आहे, आणि स्वतः तिची किंमत मोजलेली असल्यामुळेच ती मनाई करते. इथे कुणीच मूर्ख ठरत नाही आणि न सांगण्याला खरं कारण मिळतं.

तेच गुरूचं. म्हातारा जादूगार, शहाणी आजी, बोलका कासव, जो कोणी असेल त्याने मध्यापर्यंत एक तर निघून जावं किंवा एखाद्या महत्त्वाच्या बाबतीत त्याचं चुकावं. शेवटच्या प्रकरणात तो परत येऊन सगळं निस्तरतो तेव्हा आधीची अडीचशे पानं वाया जातात. तपासायची सोपी रीत म्हणजे कादंबरीतली दहा मोठी वळणं कागदावर उतरवायची आणि प्रत्येकापुढे निर्णय कोणाचा ते लिहायचं. त्यातले सात-आठ निर्णय मुलांचे नसतील तर भाषेवर हात फिरवून उपयोग नाही, रचनाच बदलावी लागेल. भविष्यवाणीला माझा विरोध याच कारणासाठी आहे. ‘तूच तो निवडलेला’ असं कुणी सांगितलं की नायकाने ठरवायचं काही उरत नाही. भविष्यवाणी ठेवायचीच असेल तर तिचे दोन अर्थ निघू द्या आणि दुसरा अर्थ मुलांनी शोधू द्या.

नकाशाबद्दल इतकं बोललो, तर तो कुठे लागतो तेही सांगतो. नकाशा आणि दिवसांचा तक्ता एकत्र ठेवावा, कारण या वयाची मुलं दिवस मोजतात. मोठा माणूस दिवसभरात वीस-पंचवीस किलोमीटर चालतो. सामान घेऊन निघालेली मुलं दहा-पंधराच्या पुढे जाणं कठीण, डोंगरात त्याहून कमी. नव्वद किलोमीटरवरचा किल्ला ती दोन दिवसांत गाठू शकत नाहीत. चंद्राच्या चुका तर फारच दिसतात. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तो मध्यरात्री डोंगरामागून वर येऊ शकत नाही. मध्यरात्री उगवणारा चंद्र हवा असेल तर वद्य अष्टमीच्या आसपासची रात्र घ्या. संध्याकाळची बारीक कोर पश्चिमेलाच दिसते आणि लवकर मावळते. दोन पौर्णिमांमध्ये साडेएकोणतीस दिवस जातात, तेव्हा एका आठवड्याच्या प्रवासात दोन पौर्णिमा आल्या तर कुणीतरी बोट ठेवणारच. तुमच्या जगात चंद्र वेगळा वागत असेल तर हरकत नाही, पण मग ते आधी सांगून ठेवा.

नावं मोठ्याने म्हणून ठरवावीत. दोन-तीन अक्षरी, एकापेक्षा जास्त जोडाक्षर नसलेली, आणि मुख्य पात्रांची पहिली अक्षरं वेगवेगळी. नावाला ने, ला, चा, कडून लावून बघा. जीभ अडखळली तर मूल ते नाव वाचायचं सोडून नुसतं डोळ्यांनी ओलांडतं आणि मग दोन पात्रांत त्याची गल्लत होते. पहिल्या प्रकरणात नाव असलेली माणसं चारपेक्षा जास्त नकोत.

भीतीबद्दल पालक जितके धास्तावलेले असतात तितकं धास्तावायचं कारण नाही. या वयाच्या मुलांना मृत्यू, विरह, विश्वासघात हे विषय पेलतात. त्यांना झोपेत त्रास देतं ते शरीराला होणाऱ्या इजेचं बारकाईने केलेलं वर्णन आणि भीतीनंतर मोकळीक न मिळणं. इजा पडद्याआड होऊ द्या, दुःख मात्र समोर आणा. कुणी गेलं तर पुढच्या पानावर लढाई सुरू करू नका. एक पूर्ण प्रकरण पात्रांना रडायला, गप्प बसायला, काहीतरी खायला द्या. खलनायकाला काय हवंय हे मुलाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. ‘त्याला जगावर राज्य करायचंय’ या वाक्यातून काहीच हाती लागत नाही. ‘त्याला त्याची मेलेली मुलगी परत हवी आहे आणि त्यासाठी तो इतरांची मुलं द्यायला तयार आहे’ यात भीतीही आहे आणि पोटात तुटणंही.

आता हस्तलिखित मुलांना वाचायला देण्याबद्दल. हे केल्याशिवाय पुस्तक प्रकाशकाकडे पाठवू नये. 1936 मध्ये टोल्किनच्या ‘द हॉबिट’ या इंग्रजी फँटसी कादंबरीचं हस्तलिखित प्रकाशकाच्या दहा वर्षांच्या मुलाने, रेनर अनविनने, वाचलं आणि अहवाल लिहून दिला. त्याबद्दल त्याला एक शिलिंग मिळाला आणि पुस्तक 1937 मध्ये आलं. त्या अहवालात पुस्तक 5 ते 9 वर्षांच्या मुलांना आवडेल असं त्याने म्हटलं होतं, म्हणजे स्वतःच्या वयाहून लहानांना. मुलं असंच करतात. आपल्याला आवडलेलं पुस्तक ती सहज धाकट्यांच्या खात्यात टाकतात आणि स्वतः मोठ्या नायकाच्या शोधात असतात. म्हणून 8 ते 12 च्या वाचकासाठी नायक बारा-तेराचा ठेवावा, आठचा नको.

वाचणारी मुलं आठ-दहा असावीत, वेगवेगळ्या वयांची, आणि शक्यतो लेखकाच्या घरातली किंवा नात्यातली नसावीत. ‘आवडलं का?’ विचारू नये, त्याचं उत्तर ‘हो’ असंच येतं. तिसऱ्या प्रकरणानंतर थांबवून विचारावं, ‘आता पुढे काय होईल?’ अंदाज वेगवेगळे आले तर गोष्ट जिवंत आहे. सगळ्यांचा एकच अंदाज आला आणि पुस्तकातही तेच होणार असेल तर काम बाकी आहे. पुस्तक संपल्यावर म्हणावं, ‘ही जादू कशी चालते ते मला समजावून सांग.’ मुलाने किंमत सांगितली नाही तर ती पानांवर उतरलेली नाही. मोठ्याने वाचून दाखवत असाल तर मुलं चुळबुळ कुठे सुरू करतात त्या पानावर खूण करा. तीन मुलं एकाच जागी ढिली पडली तर दोष बहुधा त्याआधीच्या दोन-तीन पानांत असतो, तिथे काहीतरी विनाकारण ताणलेलं असतं. आणि मूल म्हणालं, ‘इथे ड्रॅगन यायला हवा होता’, तर ड्रॅगन आणू नका, पण तिथे काहीतरी कमी आहे यावर पूर्ण विश्वास ठेवा.

मालिकेचा विचार असेल तर पहिल्या भागात उभा केलेला मुख्य प्रश्न पहिल्याच भागात सुटला पाहिजे. कोंडलेला भाऊ सुटतो की नाही हे पुढच्या पुस्तकावर ढकलू नये. दहा वर्षांच्या वाचकाला दोन वर्षं थांबायला सांगितलं तर दुसरा भाग येईपर्यंत तो बारा वर्षांचा झालेला असतो आणि दुसरंच काही वाचत असतो. आईने तिची किंमत कधी आणि कशी मोजली, हा प्रश्न मात्र खुशाल उघडा ठेवा.