‘उपयोग काय?’ हे ठणकावून कसं विचारावं

गणपतीच्या वर्गणीचा हिशेब संपून कट्ट्यावरची मंडळी जरा सैलावली की एखादा इंजिनिअरिंगचा पोरगा मोबाइल पुढं करतो. “काका, हे बघा. ह्या आकाशगंगेचा प्रकाश १३५० कोटी वर्षांपूर्वी निघालाय.” अशा वेळी फोटो बघत बसू नका. बघितलात तर तोंडातून ‘अरे वा’ निसटण्याचा धोका असतो. चष्मा कपाळावर सरकवा आणि विचारा, “त्याचा उपेग काय गा? उसाचं बिल लवकर मिळणार हाय काय त्यानं?”

बहुतेक वेळा एवढ्यावर भागतं. उसाच्या बिलापुढं आकाशगंगा टिकत नाही. निपाणीपासून अथणीपर्यंत कुठंही हा प्रश्न टाका, चार माना हलतातच.

पोरगा चिवट निघाला तर आकडा बाहेर काढा. असले फोटो काढणाऱ्या जेम्स वेब अवकाश दुर्बिणीवर सुमारे हजार कोटी डॉलर गेले. ते वीसहून जास्त वर्षांत मिळून गेले, हे सांगायची आपल्यावर सक्ती नाही. अमेरिका फार लांब वाटली तर हिंगोली जिल्ह्यातलं औंढा नागनाथ घ्या. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या तिथल्या वेधशाळेसाठी केंद्रानं २०२३ साली २६०० कोटी रुपये मंजूर केले. ‘सव्वीसशे कोटी’ एवढंच म्हणा आणि गप्प बसा. भागाकार मात्र कुणाला करू देऊ नका. १४० कोटी लोकांनी भागलं तर माणशी एकोणीस रुपयेही होत नाहीत, आणि तेवढ्यात आजकाल चमचाभर कुंदासुद्धा कुणी देत नाही.

आता पथ्यं. हा प्रश्न कुठंही, कधीही विचारून चालत नाही. विशेषतः शेताची मोजणी चालू असताना तर अजिबात नाही.

प्रसंग आपल्या सगळ्यांच्या परिचयाचा आहे. भाऊबंदानं नांगरता नांगरता बांध दोन हात आत घेतलेला असतो. अर्ज, चलन, हेलपाटे सगळं होऊन शेवटी सर्व्हेअर येतो. पूर्वी साखळी यायची, आता काठीवर पांढरं टोपडं घातलेला रोव्हर येतो. तो काठीवरचा बुडबुडा मध्यावर आणतो, स्क्रीनकडं बघतो, अर्धं पाऊल मागं सरकतो आणि टाचेनं मातीत खूण करतो. दगड इथं. दोन्ही घरची माणसं श्वास रोखून त्या टाचेकडं बघत असतात. त्या क्षणी खगोलशास्त्राला नावं ठेवू नका, कारण तो दगड कुठं बसणार हे ठरवण्यात क्वेसारांचा हात आहे.

कसा ते थोडक्यात सांगतो. म्हणजे कुणी विचारलंच तर विषय कुठल्या बाजूला न्यायचा नाही, हे कळेल. रोव्हर वीसेक हजार किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहांवरून जागा काढतो. उपग्रह आकाशात कुठं आहे हे कळलं तरी त्याच्या खाली पृथ्वीचा नेमका कुठला भाग आहे, हेही कळायला हवं. आणि पृथ्वी काही सरळमार्गी नाही. तिचा दिवस सेकंदाच्या हजाराव्या भागानं लहानमोठा होतो, ध्रुव काही मीटरच्या पट्ट्यात भटकतो. हे मोजायचं तर न हलणारी खूण पाहिजे. चंद्र, ग्रह, आपल्या आकाशगंगेतले तारे, सगळे हलतात. म्हणून शास्त्रज्ञांनी इतक्या लांबच्या खुणा धरल्या की त्या हलल्या तरी इथून हलल्यासारख्या दिसत नाहीत: अब्जावधी प्रकाशवर्षांवरचे क्वेसार, म्हणजे महाकाय कृष्णविवरं पोटात घेऊन धगधगणारी आकाशगंगांची केंद्रं. वेगवेगळ्या खंडांवरच्या रेडिओ दुर्बिणी एकाच क्वेसारचा संदेश टिपतात आणि तो कुठं किती आधी पोचला हे अणुघड्याळांनी ताडून पाहतात; त्या फरकावरून पृथ्वी नेमकी किती वळली ते निघतं. १ जानेवारी २०१९ पासून लागू असलेल्या यादीत अशा ४५३६ खुणा आहेत, त्यातल्या ३०३ मुख्य. आपल्या गावच्या नकाशातले हद्दीचे दगड कुणीतरी रात्रीत उपटतं. हे दगड अजून कुणाला हलवता आलेले नाहीत.

त्यात आइन्स्टाइनच्या सापेक्षतेचीही कटकट आहेच. उपग्रहावरचं घड्याळ जमिनीवरच्या घड्याळापेक्षा रोज सुमारे ३८ मायक्रोसेकंद पुढं पळतं. ते आधीच दुरुस्त करून ठेवलं नसतं तर जागेतली चूक दिवसाला दहाएक किलोमीटरनं वाढत गेली असती. आणि चूक पश्चिमेकडं वाढली असती, तर बेळगावजवळच्या उचगावची शेतं पहिल्याच दिवशी शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेली असती, तेही आयोग, मोर्चा, वकीलपत्र यातलं काहीही न होता. सीमाभागानं हा मुद्दा आजवर कसा हातचा जाऊ दिला, मला कळत नाही.

सीमेचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सावधगिरी. प्रकाशवर्षांची थट्टा करताना ‘एवढा वेळ कोण थांबणार?’ असं चुकूनही म्हणू नका. रोहिणी नक्षत्रातला तांबूस तारा आपल्यापासून साधारण ६५ प्रकाशवर्षांवर आहे. १९५६ साली, आपल्याला न विचारता राज्यांच्या रेघा ओढल्या गेल्या त्या वर्षी, तिथून निघालेला प्रकाश इथं येऊन पोचलासुद्धा. २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेला दावा अजून वाटेत आहे. खरं तर सीमा सरकवायची तर ती खगोलशास्त्रज्ञांनीच. सतराव्या शतकात त्यांनी गुरूच्या चंद्रांची ग्रहणं पाहून फ्रान्सचे रेखांश काढले, तर पश्चिम किनारा जुन्या नकाशांपेक्षा बराच आत निघाला. शत्रूनं घेतला नाही एवढा मुलूख ह्यांनी घालवला, असं राजा चौदावा लुई म्हणाला असं सांगतात. आपल्याकडं अशा माणसाचा पुतळा तरी जळाला असता.

दुसरं पथ्य दवाखान्याचं. घरातलं माणूस एमआरआयच्या बोगद्यात असताना बाहेरच्या बाकावर बसून ‘आकाशात बघून कुणाचं भलं झालं?’ म्हणू नये. आत जो ठकठक आवाज चाललेला असतो, त्या यंत्राचा चुंबक साधारणपणे द्रवरूप हेलियमनं थंड ठेवलेला असतो, उणे २६९ अंशांवर. हा हेलियम माणसाला आधी सूर्यात सापडला. १८६८ सालच्या ग्रहणात जान्सेन या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं गुंटूरहून सूर्याचा वर्णपट पाहिला. त्याच वर्षी इंग्लंडात लॉकियर या खगोलशास्त्रज्ञाला सूर्यप्रकाशात एक पिवळी रेषा दिसली, ती पृथ्वीवरच्या कुठल्याच ज्ञात मूलद्रव्याशी जुळेना. पृथ्वीवर तो वायू हाती लागला १८९५ मध्ये. मधली २७ वर्षं ‘उपयोग काय?’ म्हणणाऱ्यांची सोन्याची वर्षं होती. पुढं १८९८ च्या ग्रहणाला हा लॉकियर विजयदुर्गावर आला होता. त्याच्या निरीक्षणासाठी बांधलेले ‘साहेबाचे कट्टे’ तिथं अजून दाखवतात. घाट उतरून एकदा जाऊन या. कट्ट्यावर बसून विज्ञानाला नावं ठेवायची तर तेवढी सोयीची जागा दुसरी नाही.

वायफायचं एका वाक्यात आटपतो. आपण ज्यावरून ‘शास्त्रज्ञ पैसे उधळतात’ हा मेसेज पुढं ढकलतो, त्यातली एक महत्त्वाची युक्ती ऑस्ट्रेलियातल्या अशा रेडिओ खगोलशास्त्रज्ञांकडून आली, जे फुटणारी छोटी कृष्णविवरं शोधत होते आणि ज्यांना एकही सापडलं नाही.

मात्र ह्या यादीवर खूश होणाऱ्या विज्ञानप्रेमींपासूनही सांभाळून राहा. ते आकाशगंगा दाखवून वायफाय विकतात, म्हणजे ‘जे विकत नाही ते कशाला?’ हे तुमचंच म्हणणं मान्य करतात. कृष्णविवरं शोधणाऱ्या त्या माणसाला तुम्ही सुरुवातीलाच उपयोग विचारला असता, तर त्याला खोटं तरी बोलावं लागलं असतं किंवा घरी तरी जावं लागलं असतं. त्याला फक्त बघायचं होतं. आणि बऱ्याच आकाशगंगांचा कधीच काही उपयोग होणार नाही, हेही खरंच आहे. असं सरळ कबूल करणारा कुणी भेटला तर त्याच्याशी वाद घालू नका. तिथं आपली डाळ शिजत नाही.

राहता राहिला तो पोरगा. तो उलट विचारण्याची शक्यता असते: “काका, चौकात तुमच्या वाढदिवसाचा वीस फुटी बॅनर लागला होता, त्याचा उपेग काय?” उत्तर देऊ नका. खिशातला फोन वाजल्यासारखं करा, “आलो आलो” म्हणा आणि गाडीला किक मारा. ह्या वेळी बेळगावच्या टिळकवाडीचं दुसरं रेल्वे गेट हमखास पडलेलं असतं. मॅप लावा, तो बरोबर दुसऱ्या वाटेनं घालेल.