रांग इथली, घाई तिकडची

गेल्या आठवड्यात दादा फोनवर तावातावाने म्हणाला, "अगं, साध्या एमआरआयला तुला पाच महिने थांबवलं? इथे परवा डॉक्टरांनी लिहून दिला, काल काढला, आज रिपोर्ट हातात!" रिपोर्ट वहिनीचा होता. चक्कर येते म्हणून काढलेला. त्यात लिहून आलं होतं: कियारी मालफॉर्मेशन, टाइप वन, सहा मिलिमीटर. माझ्या कागदांवरही हेच नाव आहे. भारतातली तपासणी बरी की इंग्लंडमधली, हा आमच्या घरातला जुना वाद त्यामुळे आता आमच्याच डोक्यांवर येऊन ठेपला आहे.

लहान मेंदूची खालची टोकं कवटीच्या तळाशी असलेल्या भोकातून मानेकडे उतरतात, ती ही अवस्था. हान्स कियारी या डॉक्टरांनी १८९१ मध्ये प्रागमध्ये शवविच्छेदनांवरून तिचं वर्णन केलं. टोकं पाच मिलिमीटर किंवा जास्त उतरली की रिपोर्टात हे नाव येतं. एमआरआय सर्रास होऊ लागल्यापासून ते कितीतरी जास्त लोकांच्या रिपोर्टात दिसतं आणि त्यातल्या अनेकांना त्याचा काहीच त्रास नसतो.

मला होता. खोकला किंवा शिंक आली की डोक्याच्या मागे, मानेच्या अगदी वर, घाव घातल्यासारखी कळ यायची आणि मिनिटभरात ओसरायची. इथे इंग्लंडमध्ये तज्ज्ञाकडे जायचं तर आधी जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरांकडून, चिठ्ठी लागते, आणि जीपीची भेट जेमतेम दहा मिनिटांची. पहिल्या भेटीत मायग्रेन ठरलं, दुसऱ्या भेटीत मान आखडली म्हणून व्यायाम. मग एकदा इस्त्री करताना डाव्या हाताला चटका बसला आणि फोड दिसेपर्यंत मला पत्ताच नाही. हे ऐकल्यावर तिसऱ्या भेटीतल्या जीपी उठल्या. त्यांनी ट्यूनिंग फोर्कचा थंड धातू दोन्ही हातांना लावला, मग कापूस फिरवला. डाव्या हाताला कापूस कळत होता, गारवा कळत नव्हता. त्यांनी त्याच दिवशी चिठ्ठी लिहिली. पुढे मानेच्या एमआरआयमध्ये मज्जारज्जूच्या आत पाण्याची पोकळी दिसली. तिला सिरिंक्स म्हणतात. उष्ण-थंडाची जाणीव नेणाऱ्या नसा मज्जारज्जूच्या मधूनच ओलांडून जातात, त्यामुळे पोकळी वाढू लागली की बहुधा तीच जाणीव आधी जाते.

दादाचा राग मला पटतो. इथे तज्ज्ञाकडे पाठवल्यापासून १८ आठवड्यांत उपचार सुरू व्हावेत असं सरकारी आरोग्यसेवेचं बंधन आहे आणि कित्येक वर्षं ते पाळलं जात नाही. मज्जारज्जूची गेलेली जाणीव परत येईलच असं नसतं, म्हणून माझे ते महिने मी हसून सोडून देणार नाही. खोकताना मागे दुखतं असं पेशंटने सांगितलं, तर एमआरआयची चिठ्ठी पहिल्याच भेटीत मिळायला हवी.

पण दादाचं पुढचं वाक्य ऐकून मला धसका बसला. "सर्जन म्हणाले, ऑपरेशन करून टाकू. तारीखही दिलीय." कवटीच्या मागचं हाड काढून जागा करायची, बऱ्याचदा मेंदूवरचं आवरण उघडून त्याला ठिगळ लावायचं, असं हे ऑपरेशन असतं. गरज असेल तेव्हा ते फार मोलाचं आहे. माझंही लवकरच होणार आहे. पण ते मिलिमीटर बघून ठरवायचं नसतं. किती उतरलंय आणि किती त्रास होतोय यांचा सरळ हिशेब बसत नाही. शिवाय मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असलेलं पाणी कण्यातून झिरपत असेल तरी मेंदू खाली ओढला जातो आणि चित्र असंच दिसतं. तिथे इलाज गळती बंद करण्याचा, हाड कापण्याचा नव्हे. उभं राहिलं की डोकं दुखतं, आडवं झालं की थांबतं, हे कुणीतरी विचारावंच लागतं.

इथे मला दार उघडायला उशीर झाला, तिकडे वहिनीला एकाच दारातून थेट टेबलापर्यंत नेत आहेत. तिची फिल्म फक्त मेंदूची आहे, मानेची काढलेलीच नाही. सिरिंक्स आहे की नाही हे न बघता तारीख कशी ठरते? वेगाचं कौतुक करणाऱ्यांनी हेही बघावं. गारवा कळतो का हे तपासायला दोन मिनिटं लागतात, आणि तीच दोन मिनिटं दोन्हीकडे वाचवली जात आहेत.

मी दादाला म्हटलं, वहिनीला फोन दे.

"वहिनी, खोकल्यावर मागे दुखतं का? हाताला मुंग्या? गिळताना ठसका?"

"नाही हो ताई, तसलं काही नाही. रात्री कुशीवर वळलं की खोली गरगर फिरते, थोडा वेळच. मग थांबते."

"अशी चक्कर बऱ्याचदा कानातून येते. कानाच्या डॉक्टरांनी बघितलं?"

"कानाचं कुणी काही म्हणालंच नाही."

तारीख तूर्त पुढे ढकलली आहे. सोमवारी ती आधी कानाच्या डॉक्टरांकडे जाईल, मग मानेचा एमआरआय, आणि दोन्ही घेऊन दुसऱ्या न्यूरोसर्जनकडे. दादा अजून माझ्यावर थोडा रागावलेला आहे.