श्वास आत घेताना की सोडताना?

पैसे लावून पूल, म्हणजे टेबलावर स्टिकने बॉल मारून पॉकेटात घालायचा तो खेळ, खेळायचं म्हटलं की समोरच्या प्लेअरची भीती वाटायला हवी, मला वाटते ती बघ्यांची. समोरचा बिचारा माझी टर्न असताना निदान खुर्चीत गप बसतो, पण मॅचवर पैसे लागलेत अशी नुसती कुणकुण लागली की टेबलाभोवती जी मंडळी उगवतात त्यांना ना खुर्ची असते ना लाज. एरवी त्या टेबलाकडे कुत्रं फिरकत नाही.

परवाची मॅच नाइन बॉलची होती, रेस टू सेव्हन, म्हणजे जो आधी सात रॅक, म्हणजे सात डाव, मारेल त्याचे पैसे. ३-१ असा मी पुढे. हात मस्त बसला होता, पांढरा बॉल जिथे थांब म्हणेन तिथे थांबत होता, आणि नेमके तेव्हाच एक काका येऊन उभे राहिले. काका म्हणजे वयाने, नात्याने कोणी नाहीत. त्यांनी थोडा वेळ हाताची घडी घालून शांतपणे बघितलं आणि मी सहा नंबरच्या बॉलवर वाकलो तसं अगदी आपुलकीने विचारलं, "तू मारताना श्वास आत घेतोस की बाहेर सोडतोस रे?"

हा प्रश्न पूलवाल्यांमध्ये जुना आहे, खवचट लोक तो मुद्दाम विचारतात, हे मला पक्कं माहीत होतं. माहीत असून उपयोग शून्य. जिना उतरताना कुठला पाय आधी टाकतो याचा विचार करून बघा, दुसऱ्या पायरीवर लोळण घ्याल. मी वाकलो. श्वास घेतला. आता सोडायचा का? सोडला. मग आत काहीच उरलं नाही म्हणून परत थोडा घेतला, तेवढ्यात हात आपणहून पुढे गेला आणि सहा नंबर पॉकेटच्या दोन्ही कडांवर टकटक करून, आत कोणी नाही असं बघून, परत बाहेर आला. पूलचा बॉल ५७ मिलिमीटरचा आणि मॅचच्या टेबलावरचं कोपऱ्याचं पॉकेट साधारण साडेचार इंचाचं, म्हणजे दोन बॉल शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढं. यात माझ्या श्वासाला वेगळी जागा कुठून असणार!

"च्च," काका म्हणाले.

ते "च्च" मला चुकण्यापेक्षा जास्त लागलं.

लोकांना वाटतं आरडाओरड्याने खेळ बिघडतो. मला नाही पटत. अमेरिका विरुद्ध युरोप अशी मोस्कोनी कप नावाची स्पर्धा १९९४ पासून चालू आहे, तिथलं पब्लिक फुटबॉलच्या मॅचला आल्यासारखं बोंबलत असतं आणि तरी ते लोक खेळतात. सतत गोंगाट असला की कान त्याला सरावतात. वाट लावते ती शांतता, आणि त्या शांततेत ऐन वेळी कुणीतरी केलेलं "स्स्स...". तुम्ही स्टिक मागे नेलेली असते, आणि या माणसाला आत्ताच, याच सेकंदाला, श्वास रोखून धरायचा असतो! त्याच्याइतकाच भयंकर म्हणजे बरोब्बर ज्या पॉकेटवर नेम आहे त्याच्या मागे उभा राहून पाय हलवणारा. मला पॉकेट दिसत नाही, फक्त एक बूट दिसतो, डावा, लेस सुटलेली.

नियमांची मदत घ्यावी तर ती तोकडी पडते. बाहेरच्या कुणाचा धक्का लागून शॉट बिघडला तर बॉल जागेवर ठेवून शॉट परत खेळायचा, हे नियमात आहे. प्रतिस्पर्ध्याने मुद्दाम लक्ष विचलित केलं तर ते अखिलाडूपणात मोजतात, हेही आहे. पण काका ना प्रतिस्पर्धी होते ना त्यांनी मला धक्का दिला होता, आणि मुळात पैजेच्या मॅचला रेफ्री कुठून आणायचा?

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय सगळेच सांगतात, डिस्टर्ब झालं की तसंच मारायचं नाही, सरळ उभं राहायचं, चॉक लावायचा, पहिल्यापासून सुरुवात करायची. उपाय खरंच चांगला आहे. पण एका साध्या शॉटसाठी मी चार वेळा उठलो आणि चौथ्या वेळी मागून आवाज आला, "घाबरला." त्या एका शब्दाने पाचव्यांदा उठावं लागलं. ३-३.

दुसरा उपाय म्हणजे कानात कापूस. बाहेरचं सगळं बंद झालं ते ठीक, पण आतून माझेच ठोके ढोल वाजवल्यासारखे ऐकू यायला लागले, श्वासाचा आवाज तर विचारूच नका. त्यात समोरच्याने ब्रेकनंतर, म्हणजे रॅक फोडणाऱ्या पहिल्या शॉटनंतर, "पुश" म्हणून सांगितलं ते मला ऐकूच आलं नाही. असा पुशआउट सांगितला की ज्या बॉलला आधी लागायला हवं त्याला न लागताही पांढरा कुठेही ढकलता येतो आणि पुढचा शॉट मी खेळायचा की त्याच्यावरच ढकलायचा हे मी ठरवायचं. मी आपला "फाउल! फाउल!" करत पांढरा उचलून हातात घेऊन उभा. सगळे बघे एका सुरात मला नियम समजावत होते आणि मला फक्त त्यांची तोंडं हलताना दिसत होती. शेवटी बॉल हातात घेतल्याचा फाउल माझ्यावरच लागला. ३-४.

तेव्हा मला एकदम सुचलं. रिकामटेकड्या माणसाला काम द्या! भिंतीवरची पाटी आणि खडू मी काकांच्या हाती सोपवला, "काका, स्कोअर तुम्ही सांभाळा, तुमच्याशिवाय भरवशाचं कोणी नाही इथे." काय चमत्कार सांगू, काकांची छाती दोन इंच फुगली, माझ्या मागची टिकटिक थांबली, उलट तेच बाकीच्यांवर डाफरायला लागले. "ए, लाइनीतून बाजूला हो! फोन सायलेंटवर!" तो लेसवाला बूटसुद्धा गेला. आणि मी स्वतःशी पक्कं ठरवलं की आता मॅच संपेपर्यंत पाटीच्या बाजूला बघायचंच नाही, बघितलं की काका, काका दिसले की श्वास.

६-६ झाले. शेवटची रॅक. टेबलावर फक्त नऊ नंबर, लांबचा, जवळजवळ सरळ. कुणी हूं की चूं करेना. मी वाकलो, आत-बाहेर काय चाललंय याचं मला भानच नव्हतं, आणि नऊ नंबर असा गेला की पॉकेटच्या कडेला शिवलासुद्धा नाही. ७-६! मी स्टिक ठेवली, हात पुढे केला.

समोरचा हात मिळवेना. तो पाटीकडे बघत होता. मग मीही बघितलं, तासाभरात पहिल्यांदा.

६-६.

मधल्या एका रॅकला काका कुणाला तरी ब्रिज, म्हणजे स्टिक टेकवायला हाताची बोटं, कशी धरायची ते शिकवत होते म्हणे, तेवढी राहून गेली लिहायची. "पण मी जिंकलो ती! पाचवी!" मी म्हणालो. मघाशी माझ्या नखाच्या हालचालीवरसुद्धा मत असलेली ती सगळी जनता आता छताकडे बघत होती. समोरचा खांदे उडवत म्हणाला, "आता पाटीवर जे आहे ते आहे. भरवशाचा माणूस तूच नेमलास ना." आणि तो बॉल गोळा करायला लागला.

काकांनी खडूचे हात झटकले, सगळ्यांना दरडावून गप केलं, मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "टेन्शन घेऊ नकोस. फक्त श्वासाकडे लक्ष दे."